काट्याचा नायटा होण्याआधी

अंगावरची गाठ दुखत नाही, म्हणून ती साधीच असते असं नाही. त्वचेचा कॅन्सर डोळ्यांसमोर वाढतो आणि वेळेवर हाती लागला, तर बहुतेकदा एका छोट्या शस्त्रक्रियेत पूर्ण बरा होतो. अट एकच आहे. काढलेला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे!

तळपायावर उठलेला काळा डाग, नाकाच्या कडेला आलेला मोत्यासारखा फोड, जुन्या भाजल्याच्या व्रणावर पुन्हा पुन्हा धरणारी खपली... घरात कुणाला ना कुणाला असं काहीतरी असतंच. पण त्यासाठी डॉक्टरांकडे जावं, हे कुणाच्या मनातही येत नाही. दाढ ठणकली की डेंटिस्ट गाठला जातो, ताप आला की रक्त तपासलं जातं. अंगावरची गाठ मात्र वर्षानुवर्षं अंगावर काढली जाते. कारण ती दुखत नाही! फार तर कुणी चुना आणि धुण्याचा सोडा लावून बघतं, कुणी घोड्याचा केस करकचून बांधतं, कुणी शेजारणीनं दिलेलं मलम चोळतं. काट्याचा नायटा होतो तो इथेच.

यातल्या बहुसंख्य गाठी आणि डाग निरुपद्रवी असतात, हे आधीच सांगून टाकायला हवं. प्रत्येक तिळाकडे संशयानं बघायचं कारण नाही. पण जे थोडे डाग साधे नसतात, त्यांच्या बाबतीत वेळ फार मोलाची असते. पोटातला किंवा फुप्फुसातला कॅन्सर शोधायला यंत्रं लागतात. त्वचेचा कॅन्सर मात्र रुग्णाला स्वतःला दिसत असतो, हाताला लागत असतो. सुरुवातीला जागेवरच भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात तो काढता येतो, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. उशीर झाला, तर त्याच आजारासाठी नाकाचा भाग, कान किंवा पायाचं बोट गमवावं लागतं. कधी कधी जीवही.

गोऱ्यांचा आजार? पूर्ण खरं नाही

त्वचेचा कॅन्सर म्हणजे ऑस्ट्रेलिया-युरोपातल्या गोऱ्या लोकांचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून बरंच संरक्षण देतं. म्हणूनच भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्य देशांच्या तुलनेत खूपच कमी आहे. मात्र कमी आढळतो म्हणूनच तो लक्षातही उशिरा येतो.

त्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला बेसल सेल कार्सिनोमा. हा बहुधा चेहऱ्यावर, नाक-डोळ्यांच्या आसपास होतो. चकचकीत, मोत्यासारख्या कडेचा फोड असतो आणि मध्ये खळगा पडून खपली धरते. आपल्याकडे तो बरेचदा काळसर दिसतो, त्यामुळे तीळच समजला जातो. हा शरीरात दूरवर क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी कुरतडत जातो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. जाड, खरबरीत, फुलकोबीसारखी वाढ किंवा कडा उचललेली न भरणारी जखम असं त्याचं रूप असतं. तो जवळच्या लिम्फ ग्रंथींमध्ये पसरू शकतो. तिसरा मेलॅनोमा. तिघांत सर्वांत विरळ आणि सर्वांत घातक. भारतीयांमध्ये तो बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी, म्हणजे तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो.

साहजिकच, आपल्याकडच्या त्वचेच्या कॅन्सरची कारणंही वेगळी आहेत. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, घेऊन बसतात. वर्षानुवर्षं त्या धगीनं मांड्या आणि पोटाची कातडी करपते आणि त्यातून होणारा कॅन्सर डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. पश्चिम बंगालमध्ये विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी येतात आणि पुढे त्यांतल्या काहींचा कॅन्सर होतो. १९८० च्या दशकापासून तिथले डॉक्टर या संकटाशी झुंजत आहेत.

महाराष्ट्राचाही यात धडा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराचा कॅन्सर जगापुढे मांडला. कमरेला रोज त्याच जागी घट्ट गाठ आवळल्यानं कातडी घासली जाते, काळवंडते, चिरते. अशी जखम अनेक वर्षं राहिली, तर क्वचित कॅन्सरचं रूप घेते. साडी-परकराच्या नाडीनंही हेच घडू शकतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकीकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातली एक अनेक वर्षं परकराशिवाय घट्ट लुगडं नेसत होती. अर्थात, म्हणून साडी नेसायला घाबरू नये. हा प्रकार अतिशय विरळ आहे. नाडी सैल बांधावी, तिची जागा बदलावी, रुंद पट्टा वापरावा आणि कमरेवरची जखम भरत नसेल, तर ती दाखवावी एवढंच.

आणखी एक कारण मात्र तितकं विरळ नाही. जुने भाजल्याचे व्रण! स्टोव्हच्या भडक्यानं किंवा उकळत्या पाण्यानं लहानपणी भाजलेली जागा वीस-तीस वर्षांनी अचानक चिघळते. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांच्या नावानं हा व्रण ओळखला जातो. अनेक वर्षं न भरलेली पायाची जखम, कुष्ठरोगातून बरं झालेल्यांच्या तळपायाचा जुना व्रण, हाडातून पू येणारी जुनी जागा यांतूनही हा कॅन्सर होऊ शकतो. 'ही जखम तर जुनीच आहे,' हे अशा वेळी निर्धास्त राहण्याचं कारण नसून दाखवण्याचं कारण असतं.

सुरी लागली की पसरतो?

संशयास्पद डाग दिसला की डॉक्टर बायॉप्सी सुचवतात. आणि इथेच घरातली वडीलधारी मंडळी आडवी येतात. 'कॅन्सरला सुरी लावू नये, लावली की तो पसरतो,' हा आपल्याकडचा फार जुना समज. त्याचं मूळ शोधणं अवघड नाही. पूर्वी रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचायचा, तोच आजार हाताबाहेर गेल्यावर. शस्त्रक्रियेनंतर तो दगावला की दोष सुरीवर यायचा. प्रत्यक्षात तपासणीसाठी तुकडा काढल्यानं त्वचेचा कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो उशिरानं.

बायॉप्सीचे प्रकार साधे आहेत. पंच बायॉप्सीत गोल धारेच्या छोट्या नळीनं तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि एखादा टाका घालतात. मोठ्या गाठीचा कडेचा एखादा तुकडा कापून घेतात. डाग लहान असेल, तर तो पूर्णच काढून तपासतात. मेलॅनोमाचा संशय असेल, तर शक्यतो हाच मार्ग निवडतात. कारण त्यात तो किती खोल गेला आहे हे समजणं अत्यंत महत्त्वाचं असतं. भुलीचं इंजेक्शन टोचतं तेवढंच काय ते दुखणं!

काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तिथे त्याचे अतिशय पातळ काप करून, रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निदान होतं ते इथे. वरून बघून अनुभवी डॉक्टरही फक्त अंदाज बांधू शकतात.

साध्या गाठी आणि महागात पडणारे उपाय

चामखीळ, मानेवर लोंबणारे मस, वयोमानानुसार चेहऱ्यावर-पाठीवर उठणारे तपकिरी उंचवटे, कातडीखालची मऊ चरबीची गाठ, जन्मापासूनचा तीळ यांपैकी बहुतेकांना हात लावायचीही गरज नसते. कपड्याला घासतात, दाढी करताना कापतात, वारंवार सुजतात किंवा दिसायला नकोसे वाटतात, म्हणून ते काढतात. लोंबणारे मस कात्रीनं किंवा विजेच्या सुईनं काढता येतात. चरबीच्या गाठीसाठी छोटा छेद पुरतो. कातडीखालच्या पिशवीसारख्या गाठीची मात्र पिशवीच पूर्ण काढावी लागते, नाहीतर ती पुन्हा भरते.

मग बिघडतं कुठे? बिघडतं, ते निदान न करता जाळण्यात. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा रस्त्याकडेला अ‍ॅसिड लावून, जाळून 'तीळ-मस काढून मिळतील' असं सांगणारे भेटतात. घरचा चुना-सोडाही तेच करतो. वरचा भाग जळतो, खपली पडते, जागा सपाट दिसते आणि सगळे खूश होतात. पण तो कॅन्सर असेल, तर खालची मुळं तशीच राहतात आणि वरच्या व्रणाखाली गुपचूप वाढतात. शिवाय तपासायला तुकडाच शिल्लक राहत नाही. लेसरनं किंवा गोठवून डाग काढतानाही हीच अडचण येते. म्हणून डाग जरा जरी संशयास्पद असेल, तर जाणकार त्वचारोगतज्ज्ञ आधी बायॉप्सी करतात, मग बाकीचं.

एक इशारा केलॉइडबद्दल. कान टोचल्यावर किंवा छातीवरच्या फोडानंतर काहींना वाढत जाणारा कडक, गुळगुळीत व्रण येतो. तो कॅन्सर नसतो. पण नुसता कापून काढला, तर बरेचदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परततो. त्यासाठी इंजेक्शनं आणि इतर उपचारांची जोड लागते. ज्यांना केलॉइडची सवय आहे, त्यांनी कोणतीही गाठ काढण्याआधी ते डॉक्टरांना सांगावं.

शस्त्रक्रियेच्या वाटा

बायॉप्सीत कॅन्सर निघाला, तर कोणती शस्त्रक्रिया करायची हे चार गोष्टींवर ठरतं. तो कोणत्या प्रकारचा आहे, किती मोठा आणि खोल आहे, कुठे आहे आणि रुग्णाची तब्येत कशी आहे.

खरवडणं आणि जाळणं : लहान, वरवरच्या आणि कमी धोक्याच्या गाठींसाठी. धारदार चमच्यासारख्या हत्यारानं गाठ खरवडतात आणि तळ विजेच्या सुईनं जाळतात. झटपट होतं, टाके लागत नाहीत. मात्र कडा पूर्ण साफ झाल्या की नाही, हे तपासता येत नाही.

गोठवणं : उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव नायट्रोजनचा फवारा मारून पेशी मारतात. कॅन्सरपूर्व चट्ट्यांना आणि अगदी वरवरच्या गाठींना हे उपयोगी पडतं. आपल्या सावळ्या रंगावर पांढरा डाग राहण्याची शक्यता असते, हे आधीच लक्षात घ्यावं.

कापून काढणं : हा खरा राजमार्ग. यात गाठ दिसते तेवढीच काढत नाहीत, तर तिच्या भोवतीची थोडी निरोगी कातडीही काढतात. कारण कॅन्सरच्या पेशी डोळ्यांना दिसणाऱ्या सीमेच्या पलीकडे सरकलेल्या असू शकतात. साध्या बेसल सेलसाठी ही हद्द साधारण ४ मिलिमीटर, तर स्क्वॅमससाठी ४ ते ६ मिलिमीटर असते. धोका जास्त असेल, तर आणखी रुंद. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, स्पष्ट कडेचा बेसल सेल अशा ४ मिलिमीटरच्या हद्दीनं काढला, तर सुमारे ९५ टक्के वेळा कडा साफ निघतात.

टाके बघून रुग्ण हमखास विचारतात, 'गाठ तर एक सेंटिमीटरची होती, मग छेद एवढा लांब का?' त्याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही बाजूंना ४ मिलिमीटर धरले, तर रुंदी १.८ सेंटिमीटर होते. गोल भोक शिवलं, तर टोकांना कातडी चुणते. म्हणून बदामाच्या आकाराचा छेद घेतात आणि त्याची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट, म्हणजे पाचेक सेंटिमीटर होते. सर्जन हा छेद सुरकुत्यांच्या दिशेनं घेतात. त्यामुळे वर्षभरात तो त्यांच्यातच मिसळून जातो.

मोह्ज शस्त्रक्रिया : अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथल्या डॉ. फ्रेडरिक मोह्ज यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. नेहमीच्या तपासणीत काढलेल्या तुकड्याचे पावाच्या लादीसारखे उभे काप करतात. त्यामुळे कडेचा फार थोडा भाग प्रत्यक्ष नजरेखालून जातो. मोह्ज पद्धतीत गाठीचा तळ आणि कडा संत्र्याच्या सालीसारख्या सपाट पसरून सगळ्याच्या सगळ्या तपासतात. रुग्ण बाहेर पट्टी लावून थांबतो. कुठे पेशी उरल्या असतील, तर नकाशा बघून नेमका तेवढाच भाग पुन्हा काढतात. कडा साफ होईपर्यंत हा क्रम चालतो. पापणी, नाक, ओठ, कान अशा जागी एकेक मिलिमीटर मोलाचा असतो, तिथे किंवा पुन्हा उलटलेल्या कॅन्सरमध्ये ही पद्धत उत्तम. वेळ आणि खर्च जास्त लागतो आणि भारतात ती मोजक्याच ठिकाणी होते. जिथे ती नाही, तिथे शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून कडा तपासण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते.

नखाखालचा काळा डाग

मेलॅनोमाची गोष्ट वेगळी. इथे सारं काही मिलिमीटरच्या हिशेबात ठरतं. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे यावर रुग्णाचं भवितव्य ठरतं. आजही शस्त्रक्रियेची हद्द याच मापावरून ठरवतात. खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल, तर भोवतालची १ सेंटिमीटर कातडी काढतात. २ मिलिमीटरच्या पुढे २ सेंटिमीटर. खोली वाढली की 'पहारेकरी' ग्रंथीही तपासतात. गाठीजवळ निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचतात. तो सर्वांत आधी काखेतल्या किंवा जांघेतल्या ज्या लिम्फ ग्रंथीत पोहोचतो, ती काढून बघतात. तिच्यात पेशी सापडल्या नाहीत, तर पुढच्या ग्रंथी वाचतात.

काळ्या-सावळ्या लोकांना हा आजार होत नाही असं मानणाऱ्यांनी जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले आठवावा. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. फुटबॉल खेळताना झालेली इजा, असंच आधी वाटलं होतं. डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला. आपल्या धर्मश्रद्धेमुळे त्यानं तो नाकारला आणि फक्त नखाखालचा भाग काढून तिथे कातडी लावण्यात आली. ११ मे १९८१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. तेव्हा कॅन्सर मेंदूपर्यंत पोहोचला होता.

ठेच लागून नख काळं होणं आपल्याला नवं नाही. पण ते रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि काही महिन्यांत निघून जातं. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर बारीक काळ्या रेघा असतात, त्याही बहुधा साध्या. मात्र एकाच नखावर नवी रेघ उमटली, ती रुंद होत गेली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर ताबडतोब दाखवावं. तळपायावरचा पसरणारा काळा डागही कुरूप किंवा काटा समजून ब्लेडनं तासत बसू नये.

भोक कसं बुजवतात?

गाठ लहान असेल, तर कडा ओढून टाके घालतात. मोठी असेल, तर दोन उपाय. पहिला, कातडी रोपण. मांडीवरची पातळ कातडी सोलून जखमेवर बसवतात. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरते. चेहऱ्यासाठी कानामागची पूर्ण जाडीची कातडी वापरतात, तिचा रंग जुळतो.

दुसरा उपाय फ्लॅपचा. शेजारची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासह फिरवून भोकावर आणतात. नाकाचा मोठा भाग काढावा लागला, तर आजही कपाळावरच्या कातडीचं नाक करतात आणि ही विद्या जगानं घेतली ती भारताकडून! सुश्रुतसंहितेत कातडी फिरवून नाक घडवण्याचं वर्णन आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचं नाक आणि एक हात १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांनी कापला. पुढे पुण्यात एका देशी कारागिरानं मेणाचा साचा कपाळावर सपाट पसरून, त्याबरहुकूम कातडी सोडवून, ती खाली वळवून त्याचं नाक घडवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचूनच जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आजही पहिल्या टप्प्यात कपाळाची कातडी नाकावर बसवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी मधला दुवा कापतात. त्या तीन आठवड्यांत रुग्ण आरशात बघायला कचरतो. घरच्यांनी तेव्हा धीर द्यायला हवा.

सुरीशिवाय काही?

वय फार झालेलं असेल, हृदय कमजोर असेल किंवा कापणं अवघड अशा जागी गाठ असेल, तर बेसल सेल आणि स्क्वॅमससाठी किरणोपचार हा चांगला पर्याय आहे. अगदी वरवरच्या प्रकारांना काही औषधी मलमंही लागू पडतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पसरलेल्या मेलॅनोमाला पूर्वी जवळजवळ काहीच उपाय नव्हता. २०११ पासून शरीराच्याच प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारी औषधं आली. त्यांचा पाया घालणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ही औषधं महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. वेळेवर केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेची सर त्यांना अजून नाही.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, पेसमेकर, औषधाची अ‍ॅलर्जी यांतलं काही असेल, तर आधीच सांगावं. गोळी आपल्या मनानं बंद करू नये. तंबाखू-विडी-सिगारेट सोडावी, कारण त्यानं रोपण केलेली कातडी आणि फ्लॅप नासण्याचा धोका वाढतो.

नंतर पट्टी एक-दोन दिवस कोरडी ठेवावी. जखमेवर हळद, टूथपेस्ट, राख काहीही घालू नये. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत, पाठ आणि पायांचे १० ते १४ दिवसांत काढतात. जखम लाल होऊन ठणकू लागली, पू आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

आणि रिपोर्ट! टाके काढून झाले की अनेक जण तो आणायलाच जात नाहीत. खरं तर शस्त्रक्रिया पूर्ण होते ती रिपोर्ट हातात आल्यावर. त्यात 'कडा साफ' असं असेल, तर निश्चिंत. 'कडेला पेशी आहेत' असं असेल, तर पुन्हा थोडं काढावं लागतं. तेव्हा 'एकदा झालं ना ऑपरेशन' म्हणून टाळाटाळ करू नये. पुढची दोन-तीन वर्षं ठरलेल्या तारखांना तपासणी करून घ्यावी. ज्याला एकदा त्वचेचा कॅन्सर झाला, त्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर 'अवधाण असेल' म्हणून सोडून देऊ नये.

खर्चाची भीती अनेकांना घरी बसवते. पण सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत त्वचाविभाग, शल्यविभाग आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना यांत कॅन्सरच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून चौकशी करावी.

कधी दाखवावं?

• महिन्याभरात न भरणारी किंवा भरून पुन्हा चिघळणारी जखम.
• वाढणारी, सहज रक्त येणारी गाठ.
• तीळ एका बाजूनं वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग दोन-तीन छटांचा झाला, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा झाला किंवा तो बदलत गेला.
• भाजल्याच्या किंवा इतर जुन्या व्रणावर नवी वाढ.
• तळपाय, तळहात किंवा नखाखाली नवा काळा डाग.

डॉक्टरांना काय विचारावं?

• ही गाठ कशाची वाटते? बायॉप्सी लागेल का?
• काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?
• भोवतालची किती कातडी काढावी लागेल? भोक कसं बुजवणार?
• दुसरा कोणता उपचार शक्य आहे? त्यात काय कमी-जास्त?
• पुन्हा तपासणीला कधी यायचं?

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात स्वतःचं अंग निरखून बघायला पाच मिनिटं पुरतात. पाठ आणि डोक्यावरची कातडी घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगावी. सासू-सासऱ्यांचे, आजी-आजोबांचे तळपाय सुनेनं, नातवंडांनी बघावेत. म्हाताऱ्या माणसांना वाकवत नाही, दिसत नाही आणि ती तक्रारही करत नाहीत. काही दिसलं, तर मलमाच्या ट्यूबऐवजी रिक्षा बोलवावी आणि डॉक्टरांकडे न्यावं. गाठ साधी निघाली, तर घरी येऊन चहा प्यावा. साधी नसली, तरी ती वेळेत सापडलेली असेल.